मतदाराला नावे ठेवण्याआधी...

निवडणुकीचा निकाल लागला की आपल्या चळवळीत एक ठरलेला कार्यक्रम होतो. पहिल्या दिवशी मतदान यंत्राला शिव्या, दुसऱ्या दिवशी एकमेकांच्या गटाला शिव्या आणि या दोन्ही पोटभर देऊन झाल्या की तिसऱ्या दिवशी समाजाला शिव्या. 'समाज विकला गेला', 'समाज झोपलेला आहे', 'बाबासाहेबांचे उपकार विसरला'. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेचा निकाल लागला तेव्हाही हेच झाले. जून २०२४ मध्ये लोकसभेच्या निकालानंतर ज्या वस्त्यांचे 'संविधानाचे रक्षक' म्हणून आपण गोडवे गायले, त्याच वस्त्या साडेपाच महिन्यांत लाचार ठरल्या. साडेपाच महिन्यांत माणूस एवढा बदलतो काय? की त्याला ओळखण्यात आपणच चुकतो आहोत?

मी स्वतः त्या शिव्या देणाऱ्यांत होतो. म्हणूनच हे लिहीत आहे.

निकालानंतरच्या त्या दिवसांत तालुक्याच्या कोर्टात माझ्या एक पक्षकार बाई तारखेला आल्या होत्या. साठीच्या घरातल्या, विधवा. गायरान जमिनीचे प्रकरण. 'लाडकी बहीण'चे पंधराशे रुपये त्यांच्या खात्यात जमा होत होते, हे मला ठाऊक होते. मी रागातच म्हणालो, "मावशी, पंधराशे रुपयांत बाबासाहेबांना विकलं म्हणायचं तुम्ही लोकांनी!"

बाई रागावल्या नाहीत. पदर सावरून म्हणाल्या, "वकीलसाहेब, ते पैसे सरकारच्या तिजोरीतले का कुण्या पाटलाच्या घरचे? भीक नाही, हक्क दिला बाबासाहेबांनी, असं तुम्हीच जयंतीला सांगता. मग हक्काचे घेतले त्यात विकायचं काय आलं? आन् मी मत कुणाला दिलं ते तुम्हाला कसं कळलं? म्या तर माझ्या लेकालाबी सांगितलं नाही. ते झाकून द्यायला बाबासाहेबांनीच लावलंय ना?"

वीस वर्षे वकिली केली, पण त्या दिवशी मी निरुत्तर झालो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चे कलम ९४ असे सांगते की, कोणी कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती कोणत्याही साक्षीदारावर किंवा व्यक्तीवर करता येणार नाही. कोर्टातसुद्धा नाही! जो प्रश्न न्यायाधीश विचारू शकत नाही, तो मी टेबलावर हात आपटून त्या माउलीला विचारत होतो. आणि तिने मला कायदा शिकवला.

जाता जाता मी विचारले, "मग मावशी, तुम्ही नेमक्या कोणाच्या?" क्षणाचाही विलंब न लावता उत्तर आले, "आम्ही बाबासाहेबांच्या. पक्ष काय, येतात न् जातात."

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. कोर्टात, वस्तीत, विहारात, लग्नात, भेटेल त्याला विचारायचे, राजकारणात तुम्ही स्वतःला काय म्हणवता? कोणाला मत दिले हे विचारायचे नाही. फक्त तुम्ही कोण आणि तुम्हाला काय मोलाचे वाटते, एवढेच. ही काही शास्त्रीय पाहणी नव्हे. पण जी उत्तरे मिळाली, ती आपल्या सगळ्या गटांच्या नेत्यांनी एकदा ऐकावीत अशी आहेत.

रेल्वेतून निवृत्त झालेले एक गँगमन म्हणाले, "मी रिपब्लिकन. कोणता गट ते विचारू नका. मी अखंड रिपब्लिकन." पुण्यात नोकरी करणारी एक इंजिनिअर मुलगी म्हणाली, "मी आंबेडकरवादी आहे, पण कोणाची कार्यकर्ती नाही." गायरान कसणारा एक शेतकरी म्हणाला, "आम्ही गायरानवाले. सातबाऱ्यावर नाव लावील तो आपला." नगरपालिकेत कंत्राटावर झाडू मारणाऱ्या एका ताईचे उत्तर मी विसरू शकत नाही. ती म्हणाली, "ज्याच्या दारात गेल्यावर 'बसा' म्हणतो आणि खुर्ची देतो, त्याचा मी विचार करते."

बंधूंनो, या उत्तरांत कुठे 'डावा' आहे? कुठे 'उजवा' आहे? कुठे 'मध्यममार्गी' आहे? इंग्रजी वर्तमानपत्रांतले विद्वान आणि निवडणुकीच्या रात्री वाहिन्यांवर बसणारे पंडित मतदाराची वाटणी याच शब्दांनी करतात. हे शब्द १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीतून आले. तिथल्या सभागृहात राजाचे समर्थक अध्यक्षाच्या उजव्या हाताला बसले आणि विरोधक डाव्या हाताला, त्यावरून ही नावे पडली. पण सभागृहात बसण्याची जागा मिळाली त्यांचा हा हिशेब आहे. आमच्या खेड्यात डावे-उजवे नव्हतेच. आमच्या खेड्यात आत आणि बाहेर होते. गावकुसाच्या आत कोण आणि बाहेर कोण, हेच आमचे पहिले राजकारण. ज्याचा बाप पाटलाच्या ओट्याखाली उभा राहिला, त्याला खुर्ची देणारा माणूस ही किरकोळ गोष्ट वाटत नाही. तिला ती 'समता' म्हणत नसेल, पण समता म्हणजे दुसरे काय?

त्याच फ्रेंच क्रांतीतून जगाला स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द मिळाले असे शिकवले जाते. बाबासाहेबांनी मात्र ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरच्या भाषणात स्पष्ट केले होते की, आपण हे तत्त्वज्ञान फ्रेंच क्रांतीतून उसने घेतलेले नाही, ते आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतले आहे. म्हणजे आपली राजकीय ओळख कोणत्या शब्दांत सांगायची, हेही त्या महामानवाने आपल्याला शिकवून ठेवले. झाडूवाल्या ताईचे उत्तर त्याच शिकवणुकीचे आहे. ते ओळखता आले नाही, हा दोष तिचा नव्हे, आपला आहे.

हे मत तिच्या हातात आले कसे, हेही आठवले पाहिजे. १९१९ साली साउथबरो समितीपुढे अवघ्या सत्तावीस वर्षांचे बाबासाहेब अस्पृश्यांच्या मताधिकाराची आणि प्रतिनिधित्वाची बाजू मांडायला उभे राहिले. मत हा तेव्हा जमीनदाराचा आणि कर भरणाऱ्याचा मान होता. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. निरक्षराला मत कशाला, असे म्हणणारे तेव्हा मोठमोठे पुढारी होते. बाबासाहेबांचे म्हणणे असे की, आपले भले कशात आहे हे कळायला शाळेचा दाखला लागत नाही. गोलमेज परिषदेत मिळवलेले स्वतंत्र मतदारसंघ २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने गेले. पण प्रत्येक प्रौढ माणसाला एक मत हे तत्त्व अखेर संविधानाच्या ३२६ व्या कलमात आले. निरक्षर मतदाराच्या शहाणपणावर ज्याने आयुष्यभर विश्वास ठेवला, त्याच्या नावाने राजकारण करणारे आपण, त्याच मतदाराला 'अडाणी' म्हणतो!

बाबासाहेब स्वतः निवडणूक हरले नव्हते काय? १९५२ साली मुंबईत नारायणराव काजरोळकरांकडून त्यांचा पराभव झाला. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही ते हरले. संविधानाच्या शिल्पकाराच्या वाट्याला यापेक्षा मोठा आघात कोणता असेल? पण त्या पराभवानंतर त्यांनी समाजाला नावे ठेवत दिवस काढले नाहीत. बौद्ध धम्माचे काम आणि नव्या पक्षाची कल्पना, याच उद्योगाला ते लागले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मक्रांती झाली आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, रिपब्लिकन पक्ष जन्माला आला. त्या पक्षाची कल्पना एका जातीची नव्हती. १९३६ चा स्वतंत्र मजूर पक्षसुद्धा नावातच कामकऱ्यांचा होता. अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, शामराव परुळेकर असे सवर्ण घरांत जन्मलेले सहकारी त्यात होते आणि खोतीच्या जाचाखालचा कोकणातला कुणबी १० जानेवारी १९३८ च्या मोर्चात महारांच्या खांद्याला खांदा लावून मुंबईच्या विधिमंडळावर चालून गेला होता.

आज काय स्थिती आहे? माझ्या प्रश्नाला मिळालेले सर्वांत टोचणारे उत्तर एका मातंग तरुणाचे होते. बँड पथकात वाजवणारा, बी.ए. झालेला. तो म्हणाला, "साहेब, बाबासाहेब आमचेबी आहेत. पण चळवळ तुमची. तुमच्या मोर्चात आम्ही वाजवायला असतो, स्टेजवर नसतो." १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या खंडपीठाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली. या निकालावर आपल्यात मतभेद आहेत, माझेही आक्षेप आहेत. पण निकालाचा निषेध करताना त्या तरुणाच्या वाक्याला आपण काय उत्तर दिले? 'आम्ही बाबासाहेबांचे' ही एका तत्त्वज्ञानाची ओळख आहे. ती एका जातीचे दुसरे नाव होऊन बसली असेल, तर मनुवाद्यांनी आपल्याला हरवण्याची गरजच नाही. आपण स्वतःच कुंपण घालून आत बसलो आहोत.

१९९८ ची लोकसभा आठवा. रिपब्लिकन ऐक्याच्या बळावर आणि काँग्रेसबरोबरच्या युतीत प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे असे चार खासदार महाराष्ट्रातून निवडून गेले. आणि चौघेही खुल्या मतदारसंघांतून! तेव्हा हाच मतदार होता, हीच वस्ती होती. पुढच्याच निवडणुकीपर्यंत ऐक्य राहिले नाही. ते वस्तीने फोडले काय? 'अखंड रिपब्लिकन' म्हणवणारा तो निवृत्त गँगमन आजही एकटाच अखंड आहे. फुटले ते पुढारी. मग विकाऊ कोण, याचा निवाडा आपणच करावा.

मते विकली जातच नाहीत, असे मी म्हणत नाही. मतदानाच्या आदल्या रात्री पाकिटे येतात आणि आपल्या वस्तीतही घेतली जातात. ती देणे कलम १२३ नुसार भ्रष्ट आचरण आहे आणि घेणाऱ्यालाही मी निर्दोष ठरवत नाही. पण पाकीट घेणारा हात आणि योजनेचे पैसे घेणारा हात, यांत फरक आहे. पहिली लाच, दुसरा लाभ. योजनेच्या लाभार्थी महिलेला 'विकली गेली' म्हणणारे आपण उद्या शिष्यवृत्ती घेणाऱ्या पोराला काय म्हणणार?

आता त्या मावशीच्या पडद्याकडे परत येऊ. कारण खरा धोका तिथे आहे. मत व्यक्तीचे गुप्त आहे, पण वस्तीचे गुप्त राहिलेले नाही. मतदान यंत्रावरची मोजणी केंद्रनिहाय होते आणि प्रत्येक केंद्राची आकडेवारी नमुना २० मध्ये नोंदवली जाते. कोणत्या केंद्रात कोणती वस्ती येते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी गावपुढारी कागद उघडून बघतो आणि 'बौद्धवाड्याने आपल्याला मत दिले नाही' हे त्याला कळते. मग नळाचे पाणी उशिरा येते, घरकुलाची यादी अडते, शेतमजुराला कामावर बोलावणे येत नाही. मतपत्रिकांच्या काळात निवडक ठिकाणी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याचा आदेश देण्याची तरतूद निवडणूक नियमांतील ५९अ मध्ये होती. यंत्रांनाही तसे करता यावे म्हणून 'टोटलायझर' हे उपकरण वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ साली दिला. विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. तरीही ते अमलात आले नाही. आपल्या किती मोर्चांत ही मागणी ऐकली? यंत्राविरुद्ध घोषणा देताना घसा बसला, पण वस्तीचा पडदा परत मिळवण्याची ही साधी मागणी आपण लावून धरली नाही.

मताचा राग काढून कोणी त्रास दिला तर तो मुकाट्याने सोसण्याचे कारण नाही. अनुसूचित जातीच्या माणसाला अमुक उमेदवारालाच मत दे किंवा मत देऊ नको म्हणून धमकावणे आणि मतदानानंतर मारहाण करणे किंवा बहिष्काराची धमकी देणे, हे अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१) खाली गुन्हे आहेत. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदाही आहे. पण फिर्याद द्यायला ज्याने जायचे, त्याच्यासोबत पोलीस ठाण्यात कोण जाणार? निकालाच्या तिसऱ्या दिवशी समाजाला शिव्या देणारा कार्यकर्ता त्या दिवशी ठाण्याच्या पायरीवर दिसला पाहिजे.

आणखी एक ओळख आहे, ती कागदावरची. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या ६५ लाखांच्या वर, म्हणजे सुमारे ५.८ टक्के नोंदली गेली. माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदपत्रांत मी काय पाहतो? घरात तथागताची मूर्ती, दारावर पंचशील ध्वज, मुलाचे नाव सिद्धार्थ आणि शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू-महार'. विचारले तर सांगतात, 'सवलत जाईल म्हणून भीती वाटली.' ही भीती जुनी आहे आणि आता निराधार आहे. १९९० साली संसदेने कायदा करून बौद्धांना अनुसूचित जातींच्या आदेशात समाविष्ट केले. बौद्ध म्हणून नोंद केल्याने अनुसूचित जातीचा माणूस केंद्राची सवलत गमावत नाही. १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक धरून होणाऱ्या जनगणनेत धर्माबरोबर सर्वांची जातही नोंदली जाणार आहे. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' आणि जातीच्या रकान्यात अनुसूचीतील आपली जात, हे दोन्ही सांगता येते. जातीचा रकाना आपल्यावर झालेल्या अन्यायाची नोंद आहे आणि धर्माचा रकाना आपण घेतलेल्या निर्णयाची. दोन्हींची गल्लत करू नका. प्रगणक पेन्सिलने किंवा मोबाइलवर परस्पर काय भरतो, याकडे लक्ष ठेवा.

शेवटी प्रश्न उरतो तो आपल्या कार्यपद्धतीचा. आपण मतदाराकडे जातो ते निवडणुकीच्या पंधरा दिवस आधी, आणि जातो ते सांगायला. विचारायला जात नाही. गायरानवाल्याला १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याचा १९९१ चा शासन निर्णय माहीत आहे. तो तीस-पस्तीस वर्षे तहसीलच्या पायऱ्या झिजवतो आहे. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी देशभर तुरुंग भरले, ते याच प्रश्नावर. दादासाहेबांना मतदारांचे प्रबोधन करायला वेगळे शिबिर घ्यावे लागले नाही, कारण त्यांनी मतदाराच्या तोंडचा प्रश्न उचलला होता. आज त्या शेतकऱ्याला 'तू कोण?' विचारले तर तो 'गायरानवाला' म्हणतो, 'रिपब्लिकन' म्हणत नाही. कारण गायरान त्याच्यासोबत राहिले, पक्ष राहिला नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करत आहोत. ती विसंगती माझ्या मावशीच्या बोटावरच्या शाईत आणि तिच्या नाव नसलेल्या सातबाऱ्यात आजही तशीच आहे. मत आहे, जमीन नाही. ती हे 'विसंगती' या शब्दात सांगणार नाही. ती तारखेला येते, दहा रुपयांचा चहा स्वतःच्या पैशाने पिते, मलाही पाजते आणि 'जयभीम' करून शेवटची एसटी पकडते.

पुढच्या निवडणुकीआधी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वस्तीत दहा घरे निवडावीत. बॅनर नको, झेंडा नको, पुढाऱ्याचा फोटो नको. तुम्ही स्वतःला काय म्हणवता आणि तुम्हाला काय हवे, हे विचारावे आणि वहीत लिहून घ्यावे. त्या वहीतून जाहीरनामा तयार व्हावा. मातंग वस्तीत, चर्मकार वस्तीत, पारध्यांच्या पालावर, मुस्लीम मोहल्ल्यात तीच वही घेऊन जावे. समाज आपली ओळख सांगायला तयार आहे. त्याने ती कधीच लपवली नाही. लपवले आहे ते फक्त मत, आणि तो त्याचा हक्क आहे.

मावशींची पुढची तारीख लागली आहे. त्या दिवशी त्यांची माफी मागायची आहे. ती कोर्टाबाहेर, चारचौघांत मागणार आहे. कारण बोललोही चारचौघांतच होतो.

जयभीम!